कासची फुले पायवाटेवरूनच टिपता येतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण सरता सरता कास पठाराची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकू लागतात. खाली जांभळा किंवा पिवळा गालिचा, मागे डोंगर, वर ढग. ती पाहून पुण्या-मुंबईहून, सांगली-कोल्हापूरहून माणसे येतात आणि परत निघताना त्यांतली बरीच जण म्हणतात, ‘फोटोत होतं तसं काही नव्हतं.’ काही जण पायवाट सोडून आत शिरतात, कारण गालिचा लांब दिसतो आणि फूल तर जवळून हवे असते. हे पत्र या आत शिरण्याबद्दल आहे. जवळून टिपायचे म्हणजे आत जावेच लागते, हा समज खोटा आहे आणि तो आकड्यांनी खोडता येतो.

आधी जमिनीबद्दल. साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून साधारण 25 किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटर उंचीवर हे पठार आहे. खाली काळा पाषाण, त्यावर जांभ्याचे टोपण आणि त्या जांभ्याच्या खळग्यांत मातीचा पातळ थर. पाऊस पडला की हा थर स्पंजासारखा भिजतो, पाणी साचते, झिरपते. कस नसलेल्या या ओल्या मातीतच कासची बहुतेक नाजूक झाडे उभी असतात. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील 39 ठिकाणे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यांत कास आहे. तो मान ज्या झाडांमुळे मिळाला, त्यांतली अनेक वीतभरसुद्धा उंच नसतात. एवढ्याशा मातीवर बुटाचा दाब पडला की ती दबून घट्ट होते आणि तिच्यातली झाडे तिथल्या तिथे मोडतात. फुलावर पाय पडला नाही म्हणजे नुकसान झाले नाही, असे इथे म्हणता येत नाही.

सीतेच्या आसवांचेच घ्या. दोऱ्याएवढ्या देठावर जेमतेम सेंटिमीटरभर रुंदीचे जांभळे फूल. पुढे पसरट ओठ, त्याच्या मध्यावर फिकट उंचवटा आणि मागच्या बाजूला खाली वळलेली सोंडेसारखी शेपटी. या झाडाला खरी मुळे नसतात. ओल्या मातीत पसरलेल्या तंतूंवर त्याच्या पिशव्या असतात, साधारण खसखशीच्या दाण्याएवढ्या. पिशवीच्या तोंडाशी झडप असते. पाण्यातल्या सूक्ष्म जीवाचा तिथल्या केसांना धक्का लागला की डोळ्याचे पाते लवायच्या आत झडप उघडते आणि तो जीव पाण्यासकट आत ओढला जातो. फूल वर दिसते, पण झाडाचे पोट पायाखाली असते. फुले चुकवत चुकवत, अगदी जपून पाय टाकणारा माणूसही या पिशव्यांवरच पाय देत असतो.

आता हिशोब. क्लोजअप म्हटले की ‘एकास एक’ हे प्रमाण सांगितले जाते. 1 सेंटिमीटरचे फूल सेन्सरवरही (कॅमेऱ्यात चित्र उमटते त्या पट्टीवर) 1 सेंटिमीटरचेच उमटले की ते एकास एक. 100 मिमीच्या मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या, लेन्सने हे प्रमाण गाठायचे तर लेन्सचे तोंड फुलापासून जेमतेम 13 ते 15 सेंटिमीटरवर न्यावे लागते. शिवाय एफ-8 ला (हे लेन्सच्या छिद्राचे, म्हणजे अ‍ॅपर्चरचे माप; आकडा मोठा तितके छिद्र लहान) फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढे स्पष्ट येते ते अंतर, मिळते सुमारे 1 मिलिमीटर. फुलाचा ओठ स्पष्ट आला तर शेपटी धूसर, शेपटीवर नेम धरला तर ओठ धूसर. अ‍ॅपर्चर एफ-16 पर्यंत बंद केले तर खोली 2 मिलिमीटरच्या आसपास जाते. पण एकास एकला एफ-16 हे प्रत्यक्षात एफ-32 सारखे वागते. प्रकाश घटतो तो घटतोच, वर बारीक छिद्रातून वळलेल्या किरणांमुळे सगळेच चित्र मऊ पडते. वारा, मऊपणा आणि मिलिमीटरभर खोली, तिन्ही एकदम अंगावर येतात. ‘जवळ गेलो तरी फोटो हललेलाच’ ही जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण हे आहे.

त्याऐवजी प्रमाण एकास चार ठेवा. त्याच लेन्सने आता फूल सुमारे अर्ध्या मीटरवर असते, म्हणजे पायवाटेवर गुडघा टेकून हात पोचेल एवढ्या अंतरावर. एफ-8 ला फोकसची खोली 9 ते 10 मिलिमीटर होते, म्हणजे सीतेच्या आसवाचे पूर्ण फूल ओठापासून शेपटीपर्यंत स्पष्ट. मग चित्र लहान पडते का? 24 मेगापिक्सेलच्या पूर्ण आकाराच्या सेन्सरवर दर मिलिमीटरला सुमारे 167 पिक्सेल असतात. 1 सेंटिमीटरचे फूल एकास चारने सेन्सरवर अडीच मिलिमीटर उमटते, म्हणजे 400 हून जास्त पिक्सेल. इंचाला 200 पिक्सेल धरले तरी छापील फूल 5 सेंटिमीटरचे होते. वर्तमानपत्राचा एक कॉलम त्याने भरतो. पायवाटेवरून घेतलेल्या चित्रातले फूल छापताना खऱ्या फुलाच्या पाचपट होत असेल, तर आत शिरून आणखी काय मिळवायचे आहे? पायवाटेच्या कडेला फूटभर अंतरात काहीच फुललेले नाही, असे भर हंगामात क्वचितच होते.

महागडी मॅक्रो लेन्स लागतेच असेही नाही. साध्या 50 मिमी लेन्सच्या मागे 25 मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्यामधली पोकळ नळी, लावली की सुमारे अर्धे प्रमाण मिळते. हिशोब सोपा: ट्यूबची लांबी भागिले लेन्सवरचा मिमीचा आकडा. एकास चारसाठी 12 मिमीची ट्यूब पुरते. ट्यूबमध्ये काच नसल्याने लेन्सच्या मूळ दर्जात काही मिसळत नाही, फक्त प्रकाश थोडा कमी होतो. लांब पल्ल्याच्या झूम लेन्सपुढे लावायची क्लोजअप काच हा आणखी स्वस्त उपाय. काचेची ताकद +2, +4 अशी लिहिलेली असते. +4 ची काच असेल तर लेन्स अनंतावर ठेवून फूल 25 सेंटिमीटरवर धरावे लागते, +2 ची असेल तर 50 सेंटिमीटरवर. पायवाटेच्या कामाला +2 च घ्या. दुकानात चार काचांचा जोड मिळतो, पण त्या एकमेकींवर चढवू नयेत. कडांना जांभळी-हिरवी किनार येते आणि कासच्या जांभळ्या फुलांवर ती ओळखूही येत नाही, त्यामुळे रंग खोटा उमटतो.

मोबाइलवाल्यांचा एक मोठा फायदा आहे आणि तो फार थोडे जण घेतात. डोळा मागे राहतो, हात पुढे जातो. फोन उलटा धरा, म्हणजे लेन्सची बाजू जमिनीलगत येईल. हात लांब करा आणि आवाजाच्या बटणाने किंवा 2 सेकंदांच्या टायमरने फोटो घ्या. सेल्फीच्या काठीवर फोन आडवा बसवून ब्लूटूथ बटणाने टिपले तर पायवाटेपासून मीटरभर आतले फूलही मिळते, पाय जागचा हलत नाही. पठारावर सेल्फी काठीचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही. बऱ्याच फोनांत जवळ गेल्यावर आपोआप ‘मॅक्रो’ लागतो, म्हणजे मुख्य कॅमेरा सोडून रुंद कोनाचा कॅमेरा सुरू होतो. तो 2 ते 4 सेंटिमीटरवर नेऊन ठेवतो आणि फोनची सावलीच फुलावर पडते. सेटिंगमध्ये जाऊन हा आपोआपपणा बंद करा. मुख्य कॅमेऱ्याने जिथे फोकस धरला जातो तिथपर्यंतच जा, बहुधा 10 ते 15 सेंटिमीटर. फुलावर बोट दाबून धरले की फोकस आणि प्रकाश दोन्ही कुलूपबंद होतात. मग फोन मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढे-मागे करत दहा-बारा फोटो घ्या, एखादा नेमका येतोच. बोटांनी झूम करू नका, ते काम घरी कापताना होते. आणि दर दहा मिनिटांनी लेन्स मऊ सुती कापडाने पुसा. पठारावरच्या धुक्याने काचेवर जो पातळ ओलावा बसतो, तो डोळ्याला दिसत नाही, पण फोटोत फुलाभोवती दुधी वलय येते. कॅमेरा खराब आहे असे समजून माणसे परत जातात.

यवतेश्वर घाटात गाडीचा एसी लावून वर गेलात तर दार उघडताच लेन्सवर दव धरते. बाहेरची हवा दमट आणि काच गार, दुसरे काय होणार! घाट लागला की एसी बंद करा, किंवा वर पोचल्यावर कॅमेरा वीस-पंचवीस मिनिटे बंद पिशवीतच राहू द्या. लेन्स उघडून आतून पुसायचा मोह टाळा, ओलावा सेन्सरपर्यंत जातो.

वारा हा कासचा खरा शत्रू. देठ दोऱ्याएवढे, त्यामुळे झुळूक आली की फूल दोन-दोन सेंटिमीटर झुलते. शटर 1/320 सेकंदापेक्षा संथ ठेवू नका. ढगाळ हवेत त्यासाठी आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) 800 ते 1600 पर्यंत चढवावा लागला तरी चढवा. दाणेदार चित्र सुधारता येते, हललेले नाही. वारा सतत एकसारखा नसतो, दोन झुळकांच्या मध्ये फूल क्षणभर उभे राहते. त्या क्षणाआधी सलग फोटोंचे बटण दाबायला सुरुवात करा. छत्री उघडून वाऱ्याच्या बाजूने पायवाटेवर टेकवली तर पुष्कळ फरक पडतो, फक्त तिच्या काड्या कडेच्या झाडांत घुसू देऊ नका. सकाळी लवकर वारा कमी असतो. धुके असेल तर प्रकाश सगळीकडून सारखा येतो, सावल्या कडक पडत नाहीत आणि पाकळ्यांच्या शिरा उठून दिसतात. धुक्यामुळे हिरमुसलेली माणसे गाडीत बसून राहतात, जवळून बघणाऱ्याचा तो सर्वांत चांगला तास असतो.

रंगाबद्दल थोडेसे. स्वयंचलित व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशानुसार रंग जुळवणारे सेटिंग, जांभळ्याला निळा करून टाकतो. ढगाळ हवेसाठी असलेले सेटिंग हाताने लावावे. गेंद या झाडाच्या पांढऱ्या गोळ्यांवर कॅमेरा फसतो, गर्द हिरवे गवत पाहून तो प्रकाश वाढवतो आणि गेंदाची बोंडी नुसता पांढरा डाग होते. प्रकाश पाऊण ते एक पायरी उणे करा.

असे केले की त्या गेंदात काय दिसते ते पाहा. दुरून शर्टाच्या बटणासारखा दिसणारा हा गोळा म्हणजे एक फूल नसते. 5 ते 10 मिलिमीटरच्या त्या गोळ्यात दाटीवाटीने बसलेली कितीतरी फुले असतात आणि पांढऱ्यावर जे काळे ठिपके दिसतात ते त्यांचे परागकोश. शेजारी दवबिंदू नावाचे कीटकभक्षी झाड असेल. त्याच्या पानांवरच्या तांबड्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतो. खरे दव आणि हे थेंब यांतला फरक ओळखायला उपकरण लागत नाही. ऊन चढले की गवतावरचे दव उडून जाते, दवबिंदूचे थेंब तसेच चमकत राहतात. त्याचा फोटो सूर्याकडे तोंड करून, झाडाच्या पाठीमागून प्रकाश येईल असा घ्या. समोरून घेतला तर थेंब विझल्यासारखे दिसतात. नभाळीच्या फुलात तर पाकळ्यांपेक्षा पुंकेसरच बघावेत. सहा पुंकेसर आणि प्रत्येकाच्या दांडीवर निळ्या-जांभळ्या केसांचा झुबका. 10 पट भिंगाखाली त्यातला एकेक केस म्हणजे ओवलेल्या मण्यांची माळ असते, एकेक मणी म्हणजे एकेक पेशी. एवढी स्पष्ट पेशी उघड्या रानात, सूक्ष्मदर्शकाशिवाय, फार कमी ठिकाणी बघायला मिळते. हे भिंग फुलाजवळ धरून लांबून बघायचे नसते. ते डोळ्याला चिकटवायचे आणि डोळा-भिंग मिळून फुलाच्या अडीच सेंटिमीटरवर न्यायचे. भिंग नसेल आणि दुर्बीण असेल तर ती उलटी धरा, मोठ्या काचेकडून बघा, चांगले भिंग होते.

आता काही सवयींबद्दल स्पष्ट लिहितो, कारण त्या चांगले फोटो काढणाऱ्यांतच जास्त आहेत. फवारणीच्या बाटलीने फुलांवर खोटे दव मारू नये. परागकण धुऊन जातात, दवबिंदूचा चिकटा पातळ होतो आणि चित्रही खोटेच होते. मागचे गवत ‘स्वच्छ’ करण्यासाठी उपटू नये. आड येणारी काडी बारीक काटकीने बाजूला धरावी आणि फोटो झाल्यावर सोडून द्यावी. मागची गर्दी नकोच असेल तर अ‍ॅपर्चर एफ-5.6 वर आणावे आणि कॅमेरा फुलाच्या उंचीला उतरवावा. वरून खाली बघितले की माती मागे येते, समोरून बघितले की दूरचे धूसर गवत. बसण्यासाठी पोते किंवा चटई पायवाटेवरच अंथरावी.

कंदीलपुष्पाची गोष्ट त्याहून गंभीर. त्याची नळी म्हणजे माशीसाठीचा तात्पुरता पिंजरा. आतले केस खाली झुकलेले असतात, माशी आत जाते पण बाहेर येऊ शकत नाही. पुढे केस सुकतात आणि ती परागांसकट सुटते. कंदीलपुष्पाच्या काही जाती फार थोड्या जागी उरल्या आहेत. त्यांचे कंद खाण्यासाठी उकरले जातात, संग्राहकही ते नेतात. फोनने काढलेल्या फोटोत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. असा फोटो जसाच्या तसा पाठवणे म्हणजे कंदाचा पत्ता देणे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन’ बंद करूनच पठारावर उतरावे.

जवळून बघण्याची हीच शिस्त दगडालाही लागू पडते. साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटेची विहीर आहे, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली, अष्टकोनी. तिथला शिलालेख आणि भिंतींतले कोरीव प्राणी पाहायला येणारे अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू घासतात, पाणी किंवा तेल ओततात. खडू दगडाच्या छिद्रांत बसतो, तेलावर धूळ चिकटून काळा थर धरतो. वास्तविक अक्षर वाचायला फक्त तिरपा प्रकाश हवा. कॅमेरा लेखाच्या बरोबर समोर, काटकोनात ठेवा. फोनचा टॉर्च दुसऱ्याच्या हाती देऊन भिंतीला जवळजवळ समांतर, 10 ते 15 अंशांत धरायला सांगा. खोदलेल्या प्रत्येक रेघेची एक कड उजळते, दुसरी सावलीत जाते आणि पुसट अक्षरही उभे राहते. एकदा डावीकडून, एकदा वरून, असे दोन-तीन फोटो घ्या. आडव्या रेघा वरच्या प्रकाशात दिसतात, उभ्या बाजूच्या प्रकाशात. समोरून फ्लॅश मारला तर सगळेच सपाट होते आणि मग माणूस खडू शोधू लागतो.

वनविभाग आणि आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती पठाराची राखण करतात. त्यांना विनंती अशी की पायवाटांच्या कडेला, जिथे कातळ उघडा आहे तिथे, गुडघे टेकून बसता येईल अशा चार-सहा जागा आखून द्याव्यात. वाटाड्यांच्या गळ्यात 10 पट भिंग असावे आणि प्रत्येक गटाला निदान एक गेंद त्यातून दाखवावा. फुलांच्या माहितीफलकांवर फूल मोठे करून छापलेले असेल तर शेजारी खऱ्या आकाराचे चित्रही असावे. फलकावर तळहाताएवढे दिसणारे फूल शोधणाऱ्या माणसाच्या नजरेतून नखाएवढे फूल निसटणारच.

आपल्या दैनिकाकडून मात्र आमची अपेक्षा अधिक आहे. गालिच्याचे छायाचित्र जरूर छापावे, पण हंगामात आठवड्यातून एकदा एकाच फुलाचे जवळचे छायाचित्र छापावे आणि खाली त्याचा खरा आकार द्यावा. आकार मोजायला वाचकांना सांगावे की दहा रुपयांचे नाणे 27 मिलिमीटरचे असते. फुलाचा फोटो घेतल्यावर फोकस न हलवता त्याच अंतरावर हातात नाणे धरून दुसरा फोटो घ्यावा. नाणे झाडावर ठेवू नये. दुर्मीळ झाडाचे ठिकाण छापू नये, नुसता महिना पुरे. आणि पायवाट सोडून काढलेले चित्र कितीही सुंदर असले तरी स्वीकारू नये. चित्राखालची ओळ अशी असावी: ‘सीतेची आसवे. फुलाची रुंदी 9 मिमी. कास, सप्टेंबर. पायवाटेवरून.’

आपले,
साताऱ्यातील काही छायाचित्रकार व वनस्पतिप्रेमी वाचक